गाठ मारलेली वायर

खोटं तुम्ही बोललात. सही तुमची, शिक्का तुमचा, फोटोत हार तुमच्या गळ्यात. आणि जीपमध्ये धूळ खात फिरते शामला गावंडे. तुमचं नाव घेत नाही. ऑफिसचंही घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर नागपुरातली बाकीची ऑफिसं रुसतील की आमचं काहून नाही घेतलं. पण वाचता वाचता कान गरम झाले, तर समजा की तुम्हीच.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात खताच्या गोदामांचा कारभार पाहणाऱ्या त्या ऑफिसात संगणक आला. शिलाई मशीनपेक्षा मोठा आणि धान्याच्या कोठीपेक्षा लहान असा एक डबा, त्याच्या जोडीला एक पडदा, आणि वर आणखी तीन पडदे तीन टेबलांसाठी : एक साहेबांच्या केबिनमध्ये, एक गोदाम विभागात, एक हिशेब विभागात. डबा मागच्या खोलीत बसून सगळ्या गोदामांचा साठा पोटात ठेवणार, आणि ज्यानं त्यानं आपापल्या टेबलावरून विचारलं की वायरीतून उत्तर पाठवणार, अशी योजना होती. मौद्याच्या गोदामात युरियाची किती पोती आहेत हे विचारायला आता एसटीनं माणूस पाठवायची गरज नव्हती.

संगणकाला थंड हवा लागते म्हणून एसी मंजूर झाला. तो साहेबांच्या केबिनमध्ये बसला. साहेब गरम झाले तर सगळं ऑफिस बंद पडतं, डबा गरम झाला तर फक्त डबा, असा सरळ विचार होता. डब्याच्या वाट्याला गळका कूलर आला.

आणि कूलरच्या वाट्याला शामला आली. ती टायपिस्ट. हैदराबादला ट्रेनिंग घेऊन आलेली, म्हणून डबा तिच्या गळ्यात. तिचा नवरा विश्वनाथ खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर. शामलाची नोकरी इतकी वर्षं अमरावतीकडच्या एका आडगावात होती. लग्नाचं निम्मं आयुष्य एसटीच्या खिडकीत गेलं. अर्जावर अर्ज करून याच वर्षी नागपूर मिळालं होतं, धरमपेठेत दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि नवरा-बायको एका ताटलीतला चिवडा खाऊ लागले होते. साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "संगणक चालला तर तुम्ही नागपुरात. नाही चालला, तर जुनी जागा अजून रिकामीच आहे."

संगणक चालला. म्हणजे मागच्या खोलीत चालला. डब्याच्या स्वतःच्या पडद्यावर विचारलं की फटकन उत्तर. तिन्ही टेबलांवरचे पडदे मात्र सोवळ्यातल्या विधवेसारखे गप्प.

कंपनीचा इंजिनिअर आला. तो थेट डब्यासमोर बसला, दोन बटणं दाबली, हसला.

"मॅडम, मशीन तो फर्स्ट क्लास चल रही है."

"इथं चालून राह्यली हो. टेबलावर नाई चालत."

"टेबल हमारी कंपनी का नहीं है, मॅडम."

"आणि मधातली वायर?"

"वायर तो आपके ऑफिस ने डलवाई है."

'मशीन चालू आहे' असं लिहून, खाली शामलाची सही घेऊन, दोन सांबारवड्या खाऊन तो स्टेशनवर गेला. त्या कागदावर साहेबांनी वर कळवलं की संगणक पूर्ण क्षमतेनं कार्यरत. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना कळवलं. विधानं इतकी वर गेली की तिथून खाली पाहिल्यावर गप्प पडदे कोणाला दिसेनात.

मग ऑफिसची अक्कल कामाला लागली. मोठे बाबू भैय्याजी हेडाऊ यांनी चष्मा कपाळावर चढवून निदान केलं. "मले वाटते, पडद्याचं तोंड दक्षिणेकडं हाय. फिरव गा नत्थू."

नत्थू शिपायानं फिरवलं. पडद्याचं तोंड भिंतीकडे झालं.

"चाललं का?" भैय्याजींनी विचारलं.

"आता पडदाच दिसत नाई, भैय्याजी. म्हणून बिघाडबी दिसत नाई."

"हे एक बरं झालं."

नारळ फुटला. उंदरांचा संशय घेऊन झाला. हिशेब विभागानं पडद्यावर कापड टाकून त्याच्यावर जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात केली. साहेबांनी शामलाला मेमो दिला : 'आपल्या वैयक्तिक कारणास्तव टेबले बंद आहेत काय, याचा खुलासा करावा.'

शामलानं खुलासा केला नाही, डोकं चालवलं. गोदाम विभागातला पडदा उचलून तिनं मागच्या खोलीत आणला आणि डब्याच्या पेटीत आलेल्या जादा वायरीनं सरळ डब्याला जोडला. पडदा लखकन बोलला. म्हणजे डबा चांगला, पडदाही चांगला. रोग मधात होता. मधात होती भिंत.

डब्यामागून निघालेली वायर भिंतीतल्या नळीत शिरत होती. पलीकडे गोदाम विभागात तशाच नळीतून बाहेर येत होती. वरून गिलावा, त्यावर रंग, सगळं देखणं. शामलानं वायर हलकेच ओढली. कुठं अडकली असेल तर कळेल म्हणून. वायर हातात आली. सगळीच. हातभर लांब. पलीकडे जाऊन ओढली, तीही हातभर. आणि दोन्हींच्या आतल्या टोकाला गाठ मारलेली, नळीतून घसरून बाहेर पडू नये म्हणून!

नत्थूनं ती गाठ पाहिली आणि कौतुकानं मान हलवली. "पाहा ना ताई, केवढं नीट काम हाय! आपल्या ऑफिसात कोणी एवढी मेहनत नाई घेत."

शामला ते दोन तुकडे घेऊन साहेबांकडे गेली. केबिनमध्ये एसीची गार झुळूक होती.

"साहेब, भिंतीत वायरच नाई."

"असं म्हणता येत नाही," साहेब म्हणाले. "भिंतीत वायर आहे असं मी लिहून दिलं आहे. ठेकेदाराचं बिल माझ्या सहीनं पास झालं आहे."

"पण हे पाहा, हातात हाय माह्या."

"ही भिंतीबाहेरची वायर. भिंतीतली भिंतीत आहे."

"मग भिंत फोडून पाहू."

"भिंत फोडायला बांधकाम विभागाची मंजुरी लागते."

"मग मागा ना साहेब."

"बांधकाम विभाग सध्या माझ्याकडंच आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी जागच्या जागी विचार केल्यासारखं केलं. "नामंजूर."

मग ते पुढे झुकले आणि त्यांची मराठी एकदम घरची झाली. "हे पाहा बाई, सोमवारी उद्घाटनाले मुंबईचे साहेब येऊन राह्यले. थे तिन्ही टेबलांवर बसून प्रश्न विचारतील. तिन्ही टेबलांवर उत्तर पाह्यजे. कसं देता, थे तुमचं तुमी पाहा. नाई त मंगळवारची एसटी हाय."

शामला मागच्या खोलीत येऊन कूलरसमोर बसली. डोळ्यांतलं पाणी कूलरचं म्हणून खपलं. भैय्याजींना मात्र कळलं. माणूस वाईट नव्हता. फक्त नोकरीत मुरला होता.

"रडू नोको वं बाई. मौद्याच्या गोदामात तपासणी आली त आपण का करतो?"

"का करतो?"

"खापरखेड्याची पोती रातोरात मौद्याले आणतो. तपासणी खापरखेड्याकडं निघाली की थेच पोती तिच्या पह्यले तिथं पोचते. वर्षानुवर्षं तेवढीच पोती दोन्ही गोदामं भरून राह्यली. तुह्यं उत्तर टेबलापावेतो जात नाई ना? मंग डबाच टेबलापावेतो नेऊ."

शामलानं डब्याकडे पाहिलं. दोन माणसं उचलू शकत होती. पण बंद करून पुन्हा चालू करायला चुलीवर भात शिजावा एवढा वेळ लागत होता.

"तेवढा वेळ त्यायले कुठं थांबवायचं?"

"तेवढा वेळ त साहेबाचं स्वागताचं भाषणच चालते," भैय्याजी म्हणाले.

सोमवारी केबिनमधल्या टेबलाखाली डबा बसला, त्याच जादा वायरीनं पडद्याला जोडलेला. वरून टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत. बिचाऱ्याला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मंजूर झालेल्या एसीची हवा मिळाली. मुंबईचे साहेब आले. गोरे, शांत, रुमालानं सतत मान पुसणारे. त्यांनी खुर्चीत बसून विचारलं, "मौद्याला युरिया किती?" शामलानं बटणं दाबली. आकडा आला. टाळ्या झाल्या. शामलाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तर्री-पोह्यांच्या ताटल्या आल्या. मुंबईच्या माणसाला तर्रीचा अंदाज नव्हता. पहिल्याच घासाला ठसका लागला, वाटी कलंडली, आणि लाल तर्री टेबलाच्या कडेवरून, कापडाखालून, थेट डब्याच्या पांढऱ्या अंगावर ओघळली.

"आता गोदाम विभागाचं टेबल पाहू," डोळे पुसत ते म्हणाले.

"पाहू ना सर! त्याआधी खताचा इतिहास..." साहेब उभे राहिले. त्यांनी शेणापासून सुरुवात केली.

भाषण सुरू झालं आणि पाहुण्यांची पाठ वळली की नत्थू आणि रुपराव हमाल टेबलाखालून डबा घेऊन मागच्या व्हरांड्यात. शामला कीबोर्ड पोटाशी धरून पुढे पळत होती, पदर खोचलेला, चपला हातात, आवाज नको म्हणून. साहेब सोनखतावर पोचले तेव्हा डबा गोदाम विभागाच्या टेबलाखाली होता. मिश्रखतावर पोचले तेव्हा पडदा उजळला. सगळं जमलं. मुंबईच्या साहेबांनी विचारलं, उत्तर आलं. फक्त बसताना त्यांचा पाय टेबलाखाली कशाला तरी लागला आणि पायजम्यासारख्या पांढऱ्या पँटवर लाल डाग उठला. त्यांनी डागाकडे पाहिलं. वास घेतला.

"आता हिशेब विभाग," उठून भिंतीवरचा नकाशा पाहून झाल्यावर ते म्हणाले. तोवर टेबलाखालचा डबा बाहेर निघाला होता.

"हो सर! पण त्याआधी हार..."

"हार नंतर. मला जरा हात धुवायचे आहेत." आणि कोणी काही म्हणायच्या आत ते मागच्या दारानं निघाले.

व्हरांड्यात नत्थू आणि रुपराव डबा घेऊन समोरूनच चालले होते. दोघांनाही थांबता येईना, पळता येईना, डबा ठेवताही येईना. नत्थूनं दोन्ही हात गुंतलेले पाहून मानेनंच सलाम केला.

"हे काय आहे?" मुंबईचे साहेब म्हणाले.

"रद्दी हाय साहेब," नत्थू म्हणाला. "भंगारात चालली."

डब्यावरून तर्रीचा एक थेंब खाली टपकला. पाहुण्यांनी डब्यावर बोट फिरवलं, आपल्या पँटवरच्या डागाशी रंग ताडून पाहिला. मागून धावत आलेले साहेब जागीच थिजले. कीबोर्ड पोटाशी धरलेल्या शामलानं डोळे मिटले. तिला मंगळवारची एसटी दिसली, खिडकीजवळची सीटसुद्धा दिसली.

"वायर कुठे आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"भिंतीत सर," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. लग्नघरात व्याही व्याह्याला पाहतो तसं, सगळं समजून. आणि हलकेच हसले.

"म्हणजे हे मशीन उचलून कुठेही नेता येतं तर."

"हो सर," शामला डोळे मिटूनच म्हणाली.

"आणि जाईल तिथे चालतं?"

"चालते, सर."

"मग प्रत्येक तालुक्याला वेगळं मशीन कशाला? हेच फिरवा."

"हीच तर आमची योजना आहे सर!" साहेब इतक्या जोरात ओरडले की रुपरावच्या हातून डबा निसटता निसटता राहिला. "फिरता संगणक! आजच जाहीर करणार होतो!"

हार पाहुण्यांनी साहेबांच्याच गळ्यात घातला. फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत ऑर्डर टाइप झाली, ती शामलालाच टाइप करावी लागली. 'फिरत्या संगणकासोबत सौ. गावंडे यांनी कायम दौऱ्यावर राहावे. मुख्यालय : नागपूर.' बघा, वचन पाळलं. ती नागपुरातच आहे. कागदावर. भैय्याजींनी ऑर्डर वाचून कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "बाई वं, मी त तुह्यं भलं कराले गेलतो." विश्वनाथ पाळीवरून घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं आणि चिवड्याच्या डब्यावर चिठ्ठी होती.

आठवड्याभरात जीप मौद्याला लागली. डबा पायाशी, गचक्यागचक्याला शामलाच्या गुडघ्यावर आदळत होता. गोदामाच्या एका कोपऱ्यात नवंकोरं टेबल होतं. टेबलामागच्या भिंतीत नवी नळी होती, ताजा गिलावा होता, आणि नळीतून बाहेर आलेली एक वायर होती.

"ही कोणती वायर हो?" शामलानं विचारलं.

गोदामवाले गोपाळराव अभिमानानं म्हणाले, "नागपूरहून आली. ठेकेदार म्हणे, थेट तुमच्या साहेबाच्या केबिनीपासून इथपावेतो टाकली. बिल बी पास झालं म्हणते."

शामलानं वायर दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली.

हातभर. टोकाला गाठ.

ती गाठ आता तिच्या पर्समध्ये आहे. खापरखेड्याच्या गोदामातलीही आहे. जीप जिथं जिथं थांबते तिथं तिथं नवं टेबल, नवा गिलावा आणि नवी गाठ. पर्स फुगत चालली आहे. तेव्हा साहेब, भाषण नको, शेणापासून सुरुवात नको, खुलासा मागवतो असंही नको. दोन गाठींच्या मधातली वायर कुठं आहे? बोला.