प्रतिध्वनी: सकाळी दहा ते सहा

मूल पाच वर्षांचं झालं, की त्याला एखादं ऐतिहासिक शहर दाखवावं लागतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे त्यातून सूट मिळवायचीही सोय नाही. आमची टिल्ली पाच वर्षांची झाली आणि शेजारच्या बाईंनी मला जिन्यात अडवून विचारलं, "मग? हिला अजून काही दाखवलंच नाहीत?" त्यांचा आवाज असा, की आम्ही मुलीला अजून लस टोचलेली नाही असं ऐकणाऱ्याला वाटावं.

खरं तर शहर ठरलेलं होतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, टिल्लीला एका घुमटाची गोष्ट सांगितली होती. दूरच्या एका जुन्या शहरात, टेकडीवर, तो घुमट आहे. आत उभं राहून ओरडलं, की आवाज भिंतीभिंतीने फिरत परत येतो. नाना टिल्लीएवढे असताना तिथे "मी आलोय" असं ओरडले होते, आणि त्यांच्या मते तो आवाज अजून पुरता बाहेर पडलेला नसणार. टिल्लीला तो ऐकायचा होता. लहान नाना कसे बोलायचे हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. घुमटाला पायऱ्या पुष्कळ, म्हणून आजोबा आणि नात रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचा जिना चढायचा सराव करू लागले. नाना गुडघ्यांना पट्टे बांधायचे. टिल्लीनेही हट्टाने बांधून घेतले.

दुसऱ्या कुणाच्या घरी एवढ्यावर तिकिटं निघाली असती. पण मी एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी आजवर टाचणीसुद्धा घेतलेली नाही. एकच कोटेशन आलं, तर ते कितीही चांगलं असो, त्यात काहीतरी काळंबेरं आहे असं आम्ही धरून चालतो. स्वतःच्या मुलीसाठी नियम वाकवला असता, तर उद्या कार्यालयात कुठल्या तोंडाने बसलो असतो?

"अरे, पण कुठे जायचं ते ठरलंय ना?" बायको म्हणाली.

"ठरलंय म्हणूनच प्रक्रिया करायची. न ठरलेल्या गोष्टीला प्रक्रिया लागत नाही."

आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याला काम द्यायचं ठरलेलं असतं तोच सोबतीची दोन कोटेशनं आणून देतो. ती हरण्यासाठीच आलेली असतात आणि बिनबोभाट हरतात. त्याप्रमाणे मी नानांना आणखी दोन शहरं आणायला सांगितली, पण त्यांना दुसरं शहरच ठाऊक नव्हतं. मग ते काम मेहुण्याकडे गेलं. मेहुण्याला जगातलं प्रत्येक शहर माहीत आहे. त्यासाठी त्याला कधी घराबाहेर पडावं लागलेलं नाही. फोनवर अंगठा फिरवून, पर्यटकांचे अभिप्राय वाचत, हातातला चहा निवायच्या आत त्याने दोन शहरं काढून दिली.

रविवारी जेवणाच्या टेबलाशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच मी. बायको हाडांच्या दवाखान्यात परिचारिका आहे, तेव्हा सुरक्षिततेचे निकष तिने घातले; तिच्या दृष्टीने पायरी म्हणजे अजून न मोडलेला पाय. सोयींचे निकष मेहुण्याने घातले: सावली, बाक, स्वच्छतागृह, बाबागाडी जाईल असा रस्ता. टिल्ली टेबलाखालून म्हणाली, "आणि आवाज परत आला पाहिजे." तिची सूचना रीतसर दाखल करून घेतली. नानांनी विचारलं, इतिहासाला किती गुण. इतिहास तिन्ही ठिकाणी असल्यामुळे तो तुलनेतून वगळलाय, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं.

पहिलं सोबतीचं शहर ठरल्याप्रमाणे लगेच हरलं, तिथे बाबागाडीला बंदी होती. पण घुमटाचं शहरही घसरायला लागलं. पायऱ्या उंच. आत अंधार. बाक नाही, स्वच्छतागृह टेकडीच्या पायथ्याशी. आवाज परत येतो हे खरं, पण तो केव्हाही येतो, म्हणजे त्याची ठरलेली वेळ नाही; तिथे अर्धे गुण गेले. उरलं ते शहर फारच समंजस निघालं. तिथे मूळचं जुनं शहर पाडून त्याच्या जागी सोयीचं नवं जुनं शहर बांधलेलं होतं. पायरी एकही नाही. बाकांना उशा. आणि सोयींच्या यादीत प्रतिध्वनीपुढे स्पष्ट लिहिलेलं: आहे, सकाळी दहा ते सहा.

मी बेरीज केली, आणि हरायला आणलेलं शहर जिंकलं. बेरीज पुन्हा केली, तरी ते जिंकलंच. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, निकष तुमच्या समितीचेच आहेत हो."

"मग घुमट?" नानांनी विचारलं.

"नाना, घुमट अपात्र नाही. तो फक्त दुसरा आलाय."

नाना "बरं" म्हणाले आणि गुडघ्यांचे पट्टे सोडून त्यांची नीट गुंडाळी करू लागले. टिल्लीने तिचे सोडले नाहीत.

आम्ही गेलो, तेव्हा त्या जिंकलेल्या शहराला नावं ठेवायला मला तरी जागा सापडली नाही. वेशीच्या दरवाजावरचे अणकुचीदार खिळे रबराचे होते, मुलं त्यांवर खुशाल डोकं आपटून घेत होती. तळघरातल्या कैदखान्यात रंगीत चेंडू भरले होते. तोफेतून साबणाचे फुगे सुटत. तटावर सरकत्या पट्ट्याने उभ्याउभ्या फिरता येई, आणि खंदकात पाण्याऐवजी निळी गादी घातलेली होती. बायको दिवसभर हिंडली आणि तिला हाड मोडण्याजोगी एकही जागा दिसली नाही. दवाखान्यात लागल्यापासून तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. मेहुणा आला नव्हता. त्याचं हे शहर आधीच पाहून झालेलं होतं.

शेवटी आम्ही प्रतिध्वनीच्या दालनात शिरलो. आत गारवा होता, भिंतींना मऊ कापड लावलेलं होतं, आणि गणवेशातली एक मुलगी हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. तिने टिल्लीला जमिनीवरच्या पिवळ्या गोलात उभं केलं. नाना शेजारी उभे राहिले आणि त्यांनी कानामागे तळहात धरला. टिल्लीने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "मी आलेय!"

भिंतीतून एक गोड, स्वच्छ आवाज आला, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. आहे. आहे."

टिल्ली भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा माझा नाहीये. नानांचा पण नाहीये."

गणवेशातल्या मुलीने तिची समजूत घातली. मुलं काहीही ओरडायची, मग तेच सगळं परत यायचं आणि पालकांच्या तक्रारी व्हायच्या. म्हणून एक चांगलासा प्रतिध्वनी आधीच भरून ठेवलाय. हवा असेल तर पुरुषी आवाजातही मिळतो, असं ती नानांकडे बघून म्हणाली. नानांनी कानामागचा हात हळूच खाली घेतला. खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा निकष आम्ही घेतलेलाच नव्हता.

परतीच्या गाडीत टिल्लीने विचारलं, "आता खऱ्या घुमटाला कधी जायचं?" मी तिला सांगितलं, की एकदा वस्तू घेऊन झाली, की त्याच वर्षात तीच वस्तू पुन्हा घेता येत नाही, आणि ऐतिहासिक शहर आपलं घेऊन झालंय. ती नानांकडे वळली. "पुढच्या वर्षी तुमचे गुडघे असतील ना?" नाना म्हणाले, "असतील गं. पण ते माझं ऐकतील का, ते नाही सांगता येत." बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघून काढला.

घरी पोचलो. सामान घेऊन आम्ही लिफ्टने वर गेलो. नाना आणि टिल्ली मात्र जिन्याने निघाले. मी दाराला किल्ली लावतोय, तेवढ्यात खालून टिल्लीचा आवाज आला, "मी आलेय!" आमच्या सिमेंटच्या ओक्याबोक्या जिन्याने तो मजल्यामजल्यावर आपटत थेट आमच्या दारापर्यंत आणून सोडला. त्याच्या मागोमाग, धापा टाकत, नानांचा आला, "मी पण आलोय!" दोघंही इतकी हसली, की शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं. हे सगळं कसलंही कोटेशन न मागवता झालं, म्हणून मी त्याची दखल घेतली नाही.

जेवण झाल्यावर फोनवर विचारणा आली: आपला अनुभव कसा होता? मी आधीचे अभिप्राय चाळले. "मुलं खूश." "पायऱ्या नाहीत." "स्वच्छतागृह उत्तम." याच अभिप्रायांवरून मेहुण्याने शहर काढलं होतं आणि मी गुण दिले होते. प्रतिध्वनीबद्दल एकानेही अवाक्षर काढलेलं नव्हतं. पाचाहून कमी तारे दिले, तर कारण द्यावं लागत होतं. कारण दिलं असतं, तर निवड चुकली असा अर्थ निघाला असता, आणि निवड समितीचा अध्यक्ष मीच होतो. मी पाच तारे दिले आणि लिहिलं, "लहान मुलांना घेऊन जाण्यासाठी आदर्श ऐतिहासिक शहर. घरातले ज्येष्ठही भारावून गेले."

तो अभिप्राय हल्ली सगळ्यात वर दिसतो. त्याखाली "उपयुक्त वाटला" म्हणून पुष्कळांनी अंगठे दाबलेत, आणि त्यात तुमचाही आहे. तिकिटं काढून झालीच असतील. तेव्हा आता एवढंच करा: मुलाला जे काही ओरडायचं असेल, ते निघण्यापूर्वी जिन्यातच ओरडून घ्यायला सांगा. आणि परत आल्यावर तारे द्यायला विसरू नका, तुमच्या मागून येणारी माणसं खोळंबली आहेत.