हौसाबाईंचा खुबा आणि नऊ वर्षांची वजाबाकी

श्री जन्मदात्री समर्थ. पात्रतेच्या गादीवर विराजमान सरकारांनी एका शिपायाचे आईस तिच्याच लेकाची आई नव्हे ऐसे ठरविले. सरकारांचे नाव लिहीत नाही. लिहिले तरी ते टेबल आपले नव्हेच म्हणोन मोकळे व्हाल. हा आरोप आहे, अर्ज नव्हे. अर्ज तीन जाहले, ते आपले दफ्तरी धूळ खाऊन धष्टपुष्ट आहेत. आता हकीकत ऐकावी.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात ऐसे वर्तमान घडले जे, हवालदार बयाजीराव शेडगे, चोवीस वर्षे फौजेत चाकरी करोन आणि पायाची दोन बोटे बर्फात ठेवोन गावी आलेले, त्यांच्या मातोश्री हौसाबाई गोठ्यात शेणावरून घसरल्या आणि खुबा मोडला. राज्याचा कायदा ऐसा की, जो शिपाई सरकारास आपले तारुण्य देईल, त्याचे मायबापांचे दुखणे सरकार काढील. कायदा उत्तम, त्यास नाव ठेवणे नाही. मग बयाजीरावांनी पिकअप गाडीत गादी घातली आणि मातोश्रींस निजविले आणि त्यांचे डोके मांडीवर घेऊन फौजेचे दवाखान्यावर स्वारी केली. वाटेत प्रत्येक गतिरोधकास मातोश्री सडक बांधणाराच्या एकेका पिढीचा उद्धार करीत गेल्या. दवाखाना आला तेव्हा पिढ्या संपल्या होत्या आणि गतिरोधक उरले होते. मग डॉक्टरांनी हाडाचा फोटो पाहिला आणि बोलिले, "आठवड्याच्या आत ऑपरेशन पाहिजे, नाहीतर आजी पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. आधी खिडकीवरून पात्रतेचा शिक्का आणा." मग पायास वजन टांगोन मातोश्रींची खाट व्हरांड्यात लाविली, ती नेमकी त्या खिडकीसमोर. कचेरीचे ग्रह फिरले ते तेथे.

खिडकीत कारकून कुंदनराव बसले होते. त्यांनी मातोश्रींचे कार्ड यंत्रास दाखविले आणि यंत्र लाल जाहले. "हवालदारसाहेब, हे चालायचं नाही."

"मागल्या साली चाललं की! आईला दमा झाला तेव्हा."

"मागल्या साली यंत्राला वजाबाकी येत नव्हती. आता नवं आलंय. तुमचा जन्म आणि आईंचा जन्म, मध्ये नऊ वर्षं. नवव्या वर्षी कुणाला पोर होतं का? ही तुमची आई नव्हे."

बयाजीराव गोळीबारात डगमगले नाहीत, ते खिडकीशी डगमगले. या नऊ वर्षांचे मूळ ऐसे की, त्या मुलखात जन्माचा कागद कोणी ठेवीत नसे. पोर शाळेत आणिले म्हणजे गुरुजी त्यास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावीत. कान हाती आला की सहा वर्षे पुरी, आणि तारीख एक जून. बयाजीरावांचे हात जन्माचेच लांब. चार वर्षांचे असताच कान हाती आला आणि कागदावर वय दोन वर्षांनी वाढले. पुढे लेक फौजेत गेला आणि पलटणीचे लेखनिकाने आईचे वय पुसले, तेव्हा मातोश्री अडतीस वर्षांच्या. परंतु परक्या पुरुषासमोर खरे वय सांगावे ऐसी त्यांची रीत नव्हती. "तीस लिवा," म्हणाल्या. ऐसी आठ तेथे गेली, दोन येथे गेली, आणि मायलेकरांत एकोणीस वर्षांचे अंतर होते ते नऊ राहिले. इतकी वर्षे याने कोणाचे पोट दुखले नाही.

बयाजीरावांनी हे सर्व सांगितले. कुंदनराव म्हणाले, "मग जन्माचा दाखला आणा. नाहीतर सुईणीचं पत्र."

"सुईण वारली, तिला तीस वर्षं झाली."

"मग तिच्या मृत्यूचा दाखला आणा."

इतक्यात खाटेवरून आवाज आला. "ए खिडकीवाल्या, तुझा जन्म कवाचा रं?"

"एक जून, मावशी."

"आन् त्या दारावरच्या दांडक्यावाल्याचा?"

दरवान आपणहून बोलिला, "एक जूनच, आजी."

"आन् तुमच्या सायबाचा?"

कुंदनरावांनी मान खाली घातली. "तोही एक जूनच."

"मंजी समद्या कचेरीचं बारसं एकाच पंगतीत उरकलं म्हना की!"

व्हरांड्यात हशा पिकला आणि मोठे साहेब बाहेर आले. बयाजीरावांनी सलाम केला, आणि बोलणे संपले होते म्हणोन उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरोन दाखविला. हात कानावरून उतरोन खांद्यापर्यंत गेला. ते पाहोन साहेबांचाही हात नकळत वर गेला. परंतु मान आखूड आणि दंड जाड, कान काही हाती येईना. गुरुजींचे मापाने साहेब अद्याप शाळेत घालण्याजोगे जाहले नव्हते. साहेबांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "आजी, आमचा नाइलाज आहे. यंत्र मान्य करत नाही."

मग हौसाबाई कोपरावर उठल्या. खुबा कळ देत होता, तरी उठल्या आणि बोलिल्या, "लेकरा, तुझं यंत्र काय म्हनतं? म्या नवव्या वर्साला ह्याला जनम दिला. आसंच ना?"

"तसंच."

"मग जनम दिला, हे तर त्यानं कबूल केलं ना? वय खोटं म्हन, मी ऐकून घेते. पोरगा खोटा कसा म्हनतोस?"

साहेबांनी कुंदनरावांकडे पाहिले. कुंदनरावांनी यंत्राकडे पाहिले, आणि यंत्र लाल ते लालच. मग साहेबांनी तो सवाल कागदावर उतरवोन त्यास नंबर दिला आणि वरच्या टेबलास धाडिला, आणि ते टेबल त्याहून वरच्यास धाडते जाहले, आणि तो कागद आता सरकारांचे पुढ्यात पोहोचला आहे, हे पक्के ठाऊक असोन लिहितो. बयाजीराव खाटेशेजारी जमिनीवर बसोन आहेत. रात्री मातोश्री ओरड फुटो नये म्हणोन दात आवळतात, आणि लेक झोपला नाही हे ठाऊक असोन "झोप रं" म्हणतात.

तात्पर्य थोडके. शिपायाने वय विचारोन गोळी झेलिली नव्हती. डॉक्टरांनी सात दिवस सांगितले, आज सहावा. सरकार, हौसाबाई या बयाजीरावांच्या कोण लागतात? उद्या दिवस मावळण्याचे आत उत्तर द्यावे.