एक जुलैची गणपूर्ती

देवमन इंगळे नऊ वर्षं तालुका शेतकरी संघाचे सचिव होते, आणि त्याचं गुपित एवढंच की नऊ वर्षांत संघाच्या सभेला गणपूर्ती कधी झाली नव्हती. तीनशे बारा सभासदांपैकी एकशे चार जमल्याशिवाय निवडणूक नाही, आणि निवडणूक नाही तर जुनाच सचिव पुढे चालू. देवमनजी सभा ठेवत ऐन कापूसवेचणीत, भर दुपारी. नोटीस लावत कार्यालयाच्या दारालाच. (आतल्या बाजूनं.) मग इतिवृत्तात झोकदार अक्षरात लिहीत, 'सभा तहकूब. गणपूर्ती होईल तेव्हा व होईल तेथे पुढे चालू.' सभासद वाढले की गणपूर्तीही अवघड होते, म्हणून त्यांनी आपल्या बायकोला, दुर्गाबाईंनासुद्धा सभासद करून टाकलं होतं.

तर असं सुखात चाललं होतं. पण २००७ साली वऱ्हाडातल्या शेतीची दशा बघायला पथकांमागून पथकं यायला लागली. नांदगाव खंडेश्वरलाही एक येऊन गेलं. लोकांनी पाणी मागितलं, वीज मागितली. पथकानं सगळं नीट लिहून घेतलं आणि चार महिन्यांनी संघाला कॉम्प्युटर पाठवला. (तो चालवायला लागणारी वीज लोकांनी आधीच मागितलेली असल्यानं पुन्हा मागायची गरज उरली नाही.)

कार्यालय गळकं, म्हणून कॉम्प्युटर आला देवमनजींच्या घरी. त्यासाठी दुर्गाबाईंची शिलाई मशीन मोरीजवळ गेली.

"हे डबडं काय कामाचं जी?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"साऱ्या सभासदांची माहिती राहीन याच्यात."

"ते त माह्या डोक्यात हाये."

"तुह्या डोक्यातून प्रिंट निघते काय?"

दुर्गाबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की देवमनजींना आपण जिंकलो असं वाटे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी वाटे.

अकोल्याच्या जठारपेठेत रऊफभाईंचं कॉम्प्युटर क्लासचं दुकान होतं. त्यांनी संघाचं रजिस्टर नेऊन सगळं मशीनमध्ये भरून दिलं. वर एक खुबी टाकली. सभासदाचा वाढदिवस आला की पंधरा दिवस आधी शुभेच्छापत्र आपोआप छापून निघे. देवमनजी हरखले. लोकांचा जीव टांगणीला लागलेला, निदान वाढदिवस तरी गोड व्हावा, म्हणून (आणि विरोधक चंद्रभान ढोके पाहतच राहावा म्हणूनही) त्यांनी पत्रात स्वतःची ओळ घातली, 'त्या दिवशी सचिवांचे घरी पुरणपोळीच्या जेवणास यावे.' बायकोला सांगितलं ते नंतर.

"तीनशे बारा माणसं, तीनशे पासष्ट दिवस. रोजचा एकबी पडत नाई."

"एका माणसाचं काय जड," दुर्गाबाई म्हणाल्या.

एप्रिलमध्ये पार्बताबाई नावाच्या एकट्याच सभासद आल्या, चार पोळ्या जेवून गेल्या आणि सात गावांत सांगत फिरल्या. मे महिन्यात दोघं आले. देवमनजींची छाती फुगली.

सोळा जूनला दुपारी वीज आली आणि प्रिंटर सुटला. थांबेचना. वर्षभराची पत्रं एकदम निघाली, बरंच झालं, असं म्हणून देवमनजींनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकशे अठ्ठ्याण्णव पत्रांवर सह्या ठोकल्या. वाचलं एकही नाही. (सही करायचा कागद वाचायचा नसतो, हे आधी कारकून, मग सचिव, अशा सव्वीस वर्षांत हाडात मुरलेलं.) त्याच दिवशी सगळी टपालात पडली.

एक जुलैला दुर्गाबाईंनी एका माणसापुरती डाळ शिजत घातली होती. नऊ वाजता दारात एक बैलगाडी थांबली. मग दोन जीपगाड्या. मग एसटीतून उतरलेलं अख्खं एक गाव. पावसानं दडी मारलेली, पेरण्या खोळंबलेल्या, हाताला काम कोणाच्याच नव्हतं. प्रत्येकाच्या हातात पत्र.

देवमनजींनी मागच्या दारी जाऊन फोन लावला. "रऊफभाई, एवढ्या लोकांले एकच तारीख काहून टाकली?"

"तुमच्या रजिस्टरात होती तेच टाकली. अक्षर तुमचंच हाये साहेब."

होतंच. त्या भागात पोराचं नाव शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारत, बाप म्हणे पोळ्याच्या मागंपुढं कधीतरी, आणि गुरुजी एक जुलै टाकून मोकळे होत. तीन पिढ्या अशाच एका दिवशी जन्मल्या. जे शाळेतच गेले नव्हते, त्यांना देवमनजींनी स्वतः त्याच दिवशी जन्माला घातलं होतं.

"आता काय करू व?" त्यांनी बायकोला विचारलं.

दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि दारातल्या सभासदांनाच कामाला लावलं. "केशरबाई, गौऱ्या आना. नत्थुजी, तुमच्या वाडीतली वांगी तोडा. कनिक ज्याच्या घरी हाये त्यानं आना. पुरन नाई, गौऱ्यांवर भाजून रोडगे होतीन." कोणाला साखरेचा आजार, कोणाला तिखट चालत नाही, त्यांना सगळं तोंडपाठ. बारा वाजता पहिली पंगत बसली.

चंद्रभान मात्र जेवता जेवता माणसं मोजत होता. हात धुऊन तो उठला. "देवमनजी, इतिवृत्त काढा. गणपूर्ती होईल तेव्हा, होईल तिथं. तुमचंच लिहिनं हाये ना? एकशे चारच्या वर केव्हाचे झाले."

देवमनजींच्या घशात रोडगा अडकला असता, पण त्यांना अजून वाढलंच नव्हतं.

"बोला, सचिव कोन?" चंद्रभाननं मिशीवर हात फिरवत विचारलं.

"दुर्गाबाईले करा," पार्बताबाई पंगतीतूनच म्हणाल्या. "मानसं तिले ठावूक हायेत."

हात वर झाले. खरकटे, पण एकमतानं. चंद्रभानची मिशी आणि देवमनजींची मान एकदमच खाली आली.

पाच वाजता गर्दी पांगली. कॉम्प्युटर दुसऱ्या कोणाला येत नव्हता, म्हणून स्वतःच्या नावापुढचं 'सचिव' खोडून 'साधा सभासद' लिहायचं कामही देवमनजींनाच करावं लागलं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'आज या सभासदाचा वाढदिवस आहे. जेवणाचे आमंत्रण छापायचे काय?'

त्यांनी आशेनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "अवं, मशीन विचारून राह्यली…"

नव्या सचिव रिकामं पातेलं घासत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"'नाई' दाबा," त्या म्हणाल्या.