फागूजींचे फाटक

बैलांनी शेण टाकल्याखेरीज फागूजी कोणाचीही गाडी फाटकापलीकडे सोडीत नसत. गाडीत धानाची पोती असोत की खुद्द मालगुजार, फागूजी बैलांच्या मागे जाऊन उभे राहत आणि अदबीने विचारीत, "बैलायचं झालं का जी?"

लढाईच्या वर्षांत गोंदियाजवळच्या माळावर सरकारने विमानांसाठी लांबलचक धावपट्टी बांधली. तिने आमचा जुना गाडीरस्ता मधोमध कापला. पण रस्ता वळवावा, असे कुणाच्या मनात आले नाही. कापलेल्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक आडवा बांबू आणि एकेक पहारेकरी बसला; अलीकडच्या टोकाला फागूजी. विमान यायचे झाले की खोपटातल्या टेलिफोनची घंटा वाजे. मग बांबू खाली येई, लाल निशाण वर जाई. विमान उतरून दूर गेले की हिरवे निशाण, आणि त्यानंतर फागूजींची ती बैलांची चौकशी. धावपट्टीवर शेण पडले तर जहाजाचा पाय घसरेल, अशी त्यांची खात्री होती. विमानाला ते जहाजच म्हणत.

मी अलीकडच्या गावात मुलींच्या शाळेत शिकवीत असे. घर मात्र धावपट्टीपलीकडे, फागूजींच्या शेजारी. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी थांबणे आलेच. तापलेल्या सिमेंटचा कोरडा वास, त्यात पेट्रोलची उग्र रेघ, आणि वारा फिरला की पिकत्या धानाचा दुधाळ गंध. त्या गंधांत उभे राहणे मला कधी जड वाटले नाही.

इतरांना वाटे. एकदा गोंदियाचा एक व्यापारी तडकला, "अरे भैया, आसमान तो खाली है!"

"आसमानाचं मले नोका सांगू जी. घंटी वाजली." फागूजी शांतपणे म्हणाले, "जहाज म्हंजे म्हातारा पाहुणा. त्याले एकदम थांबता येत नाई, मांगं वळता येत नाई. आपुनच बाजूले व्हावं."

या नियमाने त्यांचे एकदाच नुकसान केले, पण ते फार मोठे.

वैशाखात त्यांच्या रेवंताचे लग्न निघाले. घरात बाप आणि लेक, दोघेच. नवरदेव अलीकडच्या गावचा. म्हणजे वऱ्हाड फाटकातूनच येणार. लग्नाच्या दिवशीही फागूजींनी फाटक दुसऱ्याच्या हाती दिले नाही. नवे धोतर, कपाळाला हळद, हातात निशाण अशा थाटात ते उभे होते. सात गाड्या वाजतगाजत आल्या आणि नेमकी घंटा वाजली. विमान उतरले, गेले. हिरवे निशाण झाले. पण नवरदेवाच्या गाडीचे बैल काही केल्या मोकळे होईनात. वाजंत्री वाजवून वाजवून दमले.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते इवाई खाली उतरून ओरडले, "इवाई, पोरगी तुमची, वऱ्हाड तुमच्या घरचं, अन् आमालेच अडवून राह्यले?"

"म्हनूनच जी. घरच्यायले सोडलं, तं बाहेरच्यायले कोन्या तोंडानं थांबवू?"

मुहूर्त टळला. लग्न लागले, पण तासाभराने, आणि रुसव्यात. जाताना इवाई म्हणाले, "आमच्याही घराले फाटक हाय, ध्यानात ठेवा."

ते फाटक खरेच पडले. आखाडी गेली, पोळा गेला, दिवाळी गेली; रेवंताला कुणी माहेरी धाडले नाही. फागूजी एकट्यापुरता भात रांधीत. निशाण गुंडाळता गुंडाळता मला विचारीत, "बाई, तुमाले दिसली का कोठी माही पोरगी? वाळली तं नाई?"

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडया, म्हणजे नाचगाण्यांच्या जत्रा, भरतात. आमच्या गावापुढे दोन कोसांवर मंडई होती, त्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. मी फाटकाशी पोहोचले, तोच मागून इवायांची गाडी आली. पुढे कासरा धरून इवाई. मागे पाय सोडून, आमच्या दिशेला पाठ करून रेवंता.

घंटा वाजली नाही. तरी बांबू खाली आला आणि लाल निशाण वर गेले.

निशाण खोचून फागूजी गाडीमागे गेले. उपरण्यात उकडलेले शिंगाडे होते. एकेक सोलून ते लेकीच्या तळहातावर ठेवू लागले. काळ्या सालींतून पांढरा गर निघत होता, आणि त्यांची बोटे मुद्दाम सावकाश चालली होती.

"पोटभर खातेस ना, माय?"

"हो, बा."

"सासू बोलते का?"

"बोलते. पन गोड बी बोलते. तुमी रातचं जेवता का?"

पुढून इवायांनी आवाज दिला, "कोठी हाय जी जहाज?"

"येऊन राह्यलं."

एवढ्यात पलीकडच्या फाटकातून डोईवर भारा घेतलेली एक म्हातारी निघाली आणि धावपट्टी तुडवीत, गुणगुणत, आरामात आमच्याकडे आली.

"मंग हे बुडी काऊन येऊन राह्यली?"

फागूजींच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. ज्याने कधी निशाणाची लबाडी केली नाही, त्याला लबाडीचे दुसरे वाक्य सुचेना. मी मुलींना खरे बोलायला शिकवणारी बाई. मी मान वर केली आणि म्हणाले, "मला आवाज येतोय. लांब आहे अजून. बराच वेळ लागेल."

इवायांनी माझ्याकडे पाहिले. मग निळ्या, नितळ, रिकाम्या आकाशाकडे. मग मान वळवून मागे. लेक शिंगाडा खात होती आणि बाप तिच्याकडे पाहत होता.

मग इवाई खाली उतरले. जुवाची जोती सोडून त्यांनी बैल मोकळे केले, त्यांच्यापुढे तणसाची पेंढी टाकली, आणि स्वतः बाभळीच्या सावलीत पागोटे उशाला घेऊन आडवे झाले.

"येऊ द्या जी सावकाश," डोळे मिटून ते म्हणाले. "मंडई कोठी पळून चालली?"