हनुवटी वर, दामूअण्णा!

आमच्या दामूअण्णा फोटोवाल्यांना ‘रेडी’ म्हटल्याशिवाय कॅमेऱ्याचं बटणच दाबता यायचं नाही. नुसतं ‘रेडी’ नव्हे हो, अख्खा मंत्र. “रेडीऽऽ! हनुवटी वर, हसू गालात, हालायचं नाही!” एकदा त्यांना एका मयताचा फोटो काढायला बोलावलं, तर तिथेही सवयीने बोलून गेले. घरचे लोक रडायचे थांबून यांच्याकडे बघायला लागले. परत आल्यावर अण्णा मला म्हणतात कसे, “काही म्हण, इतकं शहाणं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं. जरा म्हणून हाललं नाही!”

नगरला त्यांचा स्टुडिओ आणि माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, भिंतीला भिंत लागून. अण्णा सडेफटिंग. जेवण खानावळीत, झोप स्टुडिओतल्या बाकावर. गिऱ्हाइकांसाठी त्यांनी एक काळा कोट ठेवला होता. शहरातल्या निम्म्या नवरदेवांच्या अंगावर तुम्हाला तोच दिसेल. जाड्या नवरदेवांची सोय म्हणून तो पाठीमागून उसवलेला होता. “फोटोत पाठ कोण बघतंय?” असं अण्णांचं म्हणणं. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरून मनासारखी वळवायची, हा तर त्यांचा लाडका उद्योग. कचेरीतले मोठे साहेबसुद्धा त्यातून सुटले नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. बेलापूरच्या एका आडत्याच्या डोक्यात आलं, की यंदा कॅलेंडरवर देव नकोत, पाण्यावरचे पक्षी हवेत. काम अण्णांकडे आलं आणि अण्णा हरखून गेले. “अरे, माझे फोटो लोक ट्रंकेत घालून ठेवतात. हा वर्षभर भिंतीवर राहील, घरोघर!” समोर नवा झगमगीत स्टुडिओ उघडल्यापासून अण्णांकडे कोणी फिरकेनासं झालं होतं. हे कॅलेंडर म्हणजे त्यांच्या अब्रूचा प्रश्न होता. सोमवारी फोटो छापखान्यात पोचला नाही, तर काम समोरच्याकडे जाणार होतं. आणि रोल तेव्हा वशिल्याने मिळायचे. अण्णांना मिळाला एक, बारा फोटोंचा.

रविवारी माझ्या मेव्हण्याची जीप घेऊन आम्ही निघालो. मिलिटरीच्या लिलावातली जीप, चालण्यापेक्षा खोकायचीच जास्त. अण्णांच्या पिशवीत कंगवा, पावडरचा डबा आणि तो कोट.

“अण्णा, करकोच्यांना पावडर लावणार का?”

“असू दे रे. फोटोला जाताना सामान सोडू नये.”

मुळा धरणाच्या फुगवट्याला करकोचे उतरतात, हे ऐकून होतो. पण राहुरीपर्यंत पोचायच्या आतच रोल संपायला लागला. उसाच्या गाडीवरचा गडी म्हणाला, “आमचा बी काडा की राव!” काढला. बैलांचा वेगळा मागितला, तोही काढला. असे आठ फोटो वाटेतच गेले. नाही म्हणणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

पाण्याच्या कडेला भोयांची दोन-चार खोपटं होती. तिथला सखाराम म्हणाला, “करकुचं लई हायेत. त्या उंचवट्याच्या पल्याड बसत्यात. पर आवाज झाला का भुर्र!” आणि मग हळूच, “तेवडा माजा एक काडा, माशासंगं.” अण्णांनी त्याला कोट घातला. वर कोट, खाली लंगोट, हातात हा एवढा मासा. अण्णांनी आधी सखारामची हनुवटी वर केली, मग माशाची.

उंचवट्यापलीकडे खरंच करकोच्यांचा थवा उभा होता, पाण्यात पाय बुडवून. अण्णा पोटावर सरपटत गेले, कॅमेरा लावला, श्वास धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “रेडीऽऽ!”

आकाशात नुसती फडफड. थवा वळसा घेऊन परत बसला, अण्णा पुन्हा तेच म्हणाले. दोन्ही वेळा बटण दाबून झालेलं, फोटोत नुसतं रिकामं पाणी. आता रोलमध्ये एकच फोटो उरला होता. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचा मफलर काढला आणि त्यांच्या तोंडावरून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली.

करकोचे परत यायची वाट बघत आम्ही बसलो. हळूहळू सगळे उतरले. ऊनही झकास पडलं. अण्णा कॅमेरा सरसावणार, एवढ्यात सखारामची म्हातारी आई, ठकूआजी, पाय न वाजवता मागून आली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

“आरं, दाढ दुकती व्हय लेकराची? आन् ह्यो मुक्यानंच सोसतुय!”

मी हातवारे करतोय तोवर तिने मफलर सोडलासुद्धा. कनवटीची लवंग काढली. “आ कर,” म्हणाली आणि दोन बोटांनी अण्णांची हनुवटी वर उचलली. पन्नाशीचा माणूस, निमूट आ करून बसला. दाढ बघून झाल्यावर तिने त्यांचे विस्कटलेले केस पाण्याच्या हाताने चापून बसवले.

“कुनी बघनारं न्हाई व्हय रं तुला? आय हाय का?”

“नाही. मी रांगत होतो तेव्हाच गेली.”

“तोंड तरी ध्यानात हाय का तिचं?”

“नाही आजी,” अण्णा म्हणाले. “फोटो नाही ना काढलेला.”

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण हे मला माहीत नव्हतं. नगरभरच्या आयांचे फोटो काढणाऱ्या माणसाला स्वतःची आई कशी दिसायची ते ठाऊक नव्हतं.

अण्णांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. “काढ. आजीचा आणि माझा.”

“अण्णा, करकोचे समोर उभेत! उद्या छापखाना...” मी कुजबुजलो.

“खड्ड्यात गेला छापखाना. काढ म्हणतो ना!”

ते आजीशेजारी बसले आणि त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. कधी मांडीवर, कधी पाठीमागे. “ठिव माज्या खांद्यावर,” आजी म्हणाली, “मी काय मोडती व्हय?” मी इतका गडबडलो, की माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, “रेडी!” करकोचे सगळेच्या सगळे उडून गेले. त्या दोघांपैकी कोणी मान वळवून बघितलं नाही.

कॅलेंडरचं काम गेलं. समोरच्याने लक्ष्मीच छापायला दिली. अण्णा आजीबरोबरच्या फोटोची एक प्रत घेऊन एस.टी.ने ठकूआजीकडे गेले, दोन दिवस राहिले. दुसरी प्रत फ्रेम करून स्टुडिओच्या काचेत लावली, अगदी मधोमध.

पुढे एकदा लेकीचा फोटो काढायला आलेल्या एक बाई त्या काचेपाशी थांबल्या.

“मातोश्री का तुमच्या?”

मी दुकानातून कान टवकारले.

“हो,” अण्णा म्हणाले.

“वाटलंच मला. नाक बघा ना, अगदी एकच!”

असं म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. अण्णा आपल्या नाकावरून हळूच बोट फिरवत राहिले.

“हो ना,” ते म्हणाले. “सगळे तसंच म्हणतात.”