दोराला बांधलेलं संचालक मंडळ

सुरक्षेच्या बाबतीत आपला नाद करायचा न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो! आमच्या दूध संस्थेचा अभ्यासदौरा श्रीलंकेला निघाला, तवा चेअरमन बद्रीनाथ अण्णा भर बैठकीत म्हणले, "शहादेव, समद्यांला सुखरूप माघारी आणलंस तर उपाध्यक्ष तूच!" लई वर्सं हुलकावणी देणारं पद हो ते!

दुष्काळात दूध संस्थेनं समुद्राचा कसला अभ्यास करायचा, असं तुमी विचाराल. विचारू नका. जनावरं छावणीत अन् संचालक व्हिल्यात, आमची आमालाच लाज वाटत होती. पण तिकिटं काढलेली!

व्हिला ऐन किनाऱ्यावर. पोचल्या पोचल्या म्या नियम सांगितला, दोराशिवाय समुद्रात पाय घालायचा न्हाई. दोर घरूनच आणलेला. आमच्याकडं गाळ काढाया विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधत्यात, अन् दुसरं टोक काठावरच्या जड माणसाकडं. अण्णांएवढा जड माणूस अख्ख्या गेवराई तालुक्यात न्हाई!

"समुद्र म्हंजे विहीर हाय का बे?" उत्तरेश्वर म्हणला. संचालकांत हाच लई तोंडाळ.

"विहीरच! फकस्त कठडा न्हाई."

तेवढ्यात व्हिल्याचा रखवालदार पळत आला. त्यानं समुद्राकडं बोट केलं अन् तळहात गुडघ्यापासून वर वर नेत पार डोक्याच्या वर नेला. भाषा कळंना, पण भाव कळला.

"वर देव हाय म्हणतोय," म्या समद्यांला सांगितलं. आमी त्याला हात जोडले. त्यानं कपाळावर हात मारला.

अण्णांच्या मंडळी सुभद्राकाकू, महिलांच्या राखीव जागेवरच्या संचालक, त्या मातुर पाण्याकडं आल्या न्हाईत. नळाला पाणी दिसल्यापासून त्या व्हिल्यातली पातेली, बादल्या, फुलदाण्या भरून ठेवत होत्या. "उद्या न्हाई आलं मंग?"

अण्णांना काठाजवळच्या कोरड्या खडकावर बसवलं, दोराचं टोक त्यांच्या कमरेला बांधलं. आमी बाकीचे एकामागं एक दोराला बांधलेले, गुडघाभर पाण्यात. लई मजा! लेकरावानी पाणी उडवलं एकमेकांवर.

"शहादेव, पाणी वाढतंय का बे?" मांड्या भिजल्यावर उत्तरेश्वरनं विचारलं.

"येडा का खुळा! पाऊस न्हाई, पाणी कुठून वाढंल? जलमभर पाणी आटतानाच बघितलंय न्हवं? आपण वाळूत खचतोय!"

समद्यांना पटलं. न पटायला काय झालं?

पाणी छातीला लागलं तवा म्या मागं बघितलं अन् गारच पडलो. खडकाच्या चारी बाजूंनी समुद्र! अन् वर अण्णा, दुपारचं जेवण अंगावर आलेलं, खुशाल घोरतायत!

"अण्णा, ओढा!" लाटांत कुणाला ऐकू जातंय! मंग म्या विहिरीतली 'वर ओढा'ची खूण केली, दोराला दोन हिसके. माझं बघून समद्यांनीच हिसके दिले. अण्णा खडकावरून थेट पाण्यात!

"चेअरमन गेले!" उत्तरेश्वरनं बोंब ठोकली. "तुझं उपाध्यक्षपदबी गेलं बे!"

खरं सांगतो, तवा पदाचं ध्यानात बी न्हवतं. बापाच्या जागी माणूस! अन् पोहाया आमच्यात एकालाबी येत न्हाई. शिकायचं कशात?

बोंब ऐकून सुभद्राकाकू बादली टाकून धावल्या. पदर खोचला, कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या, अण्णांना बखोटीला धरून काठाला आणलं. मंग अण्णांच्याच कमरेचा दोर धरला अन् पाय रोवून हातावर हात टाकत ओढाया लागल्या. खोल विहिरीतनं पाणी शेंदण्यात उमर गेलेली बाई ती! एकेक संचालक वाळूवर येऊन पडला. शेवटी मी, खारं पाणी ओकत.

"दोर बांधणारा शहाणा कोण?" काकूंनी विचारलं.

समद्यांनी माझ्याकडं बोट केलं. रखवालदारानंबी!

"पण काकू, समदे सुखरूप हायेत न्हवं?" म्या म्हणलं. अण्णा कानातलं पाणी काढत बसले.

गावी आल्यावर बैठक लागली. अण्णा म्हणले, "समद्यांला सुखरूप आणील त्याला उपाध्यक्ष करू, असा शब्द दिलता. शब्द पाळतो."

मी कॉलर नीट करून उभा राहिलो.

"उपाध्यक्षपदासाठी नाव हाय, सुभद्राबाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तसाच उभा. अण्णांनी माझ्याकडं बघितलं अन् लई मायेनं म्हणले, "वा शहादेव! सूचक तू का? लिहून घ्या रे!"