अक्षयराव किल्लेदार यांची बोरगावची मोहीम

श्रीमारुतिराय साक्ष. सातपुड्याचे पायथ्याशी, नागपुराहून छिंदवाड्यास जाणारे सडकेवर, सौंसर कसब्याचे नजीक बोरगाव म्हणोन मौजे आहे. सरकार भोपाळचे, बोली वऱ्हाडची, आणि पाहावे तिकडे संत्र्याची झाडे. ते ठायी पोळ्याचे सणास अक्षयराव किल्लेदार यांवरी जो प्रसंग गुदरला, आणि ज्याणे मुलूखभर मैदाने गाजविली तो खासा सरदार स्वतःचे अंगणात स्वतःचे कन्येपुढे कैसा हतबल जाहला, आणि मग कोणते हिकमतीने सावरला, ते समस्तांस कळावे म्हणोन येथे मांडिले आहे. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर मायेने घातले आहे.

प्रथम किल्लेदारांची पूर्वपीठिका. पिताजी नत्थूजी, संत्र्याचे बागाइतदार. तोडीचे हंगामात नत्थूजी शिडीवर चढोन फळ खाली सोडीत, आणि बालवयीन अक्षयराव खाली उभे राहोन झेलीत. संत्रे भुईस लागले तर दबते, मुठीत आवळले तरी दबते, आणि दबलेले संत्रे पेटीत बसल्या ठायी शेजाऱ्यांसही नासविते, म्हणोन शिडीवरून नत्थूजींचे फर्मान सुटे, "हात आडवा नोको घालू बे, हात मांगं घेत जाय! संत्र्याले वाटलं पायजे का आपुन अजून झाडालेच हावो!" ऐसी तालीम बहुत वर्षे जाहली, आणि हात ऐसे मऊ पडले की अंडे झेलिले तरी त्यास खबर होऊ नये.

मग तेच हात दौलतीचे कामी आले. सौंसरचे मैदानी टेनिसबॉलचे सामने होत, तेथे तीन दांड्यांचे किल्ल्यामागे उकिडवे बसण्यास कोणी राजी होईना, गुडघे दुखतात म्हणोन. ती किल्लेदारी अक्षयरावांनी पत्करिली. तेथोन छिंदवाड्याचे जिल्हासंघात, तेथोन प्रांताचे फौजेत, आणि रणजीचे मोहिमेत यष्टिरक्षक म्हणोन खासा शिक्का बसला. पुढे मोठे लीगचे एका सरदारांनी पदरी घेतले. त्या हंगामी अक्षयरावांनी बाकावरोन उठोन मैदानात पाण्याच्या बाटल्या आणि सुके हातमोजे पोचविण्याचे काम ऐसे चोख केले की टीव्हीवर पळता पळता ओझरते दिसले, आणि बोरगावात फटाके फुटले. नत्थूजी चावडीवर बोलिले, "पानी नेऊन राहिला, पन कसा ऐटीत नेऊन राहिला, पाहा!"

दरम्यान लग्न जाहले. वधू प्रणालीबाई, पांढुर्ण्याचे समोर जाम नदीपलीकडील सावरगावच्या. लग्नामागोमाग कन्यारत्न जाहले, नाव चंचल ठेविले. ते समयी किल्लेदार दूर आसाम प्रांती दांड्यांमागे बसले होते. पाण्याचे विश्रांतीत वर्तमान पोचले, आणि पुढलाच सोपा झेल हातातून सुटला. कर्णधार रागे भरले, मग कारण ऐकोन त्यांनीच पेढे मागविले.

आता मूळ गफलत कोठे जाहली ते ऐकावे. किल्लेदार वर्षातील बहुतेक काळ मोहिमेवर, घरी येणे क्वचित. लेकरू बापास विसरू नये म्हणोन किल्लेदारांच्या मातोश्री देवकाबाई आणि प्रणालीबाई यांनी मसलत करोन रोज सांजेस मोबाइल पुढे धरिला आणि शिकविले की, "हे बाबा." चंचलबाईसाहेब बुद्धीने तेज, त्यांनी नेमके तेच शिकोन घेतले. मोबाइल म्हणजे बाबा. तो चालू असो की काळा पडो, त्यास मुका द्यावा, वरणभाताचा घास लावावा, आणि दुपारी निजतेसमयी फडक्यात गुंडाळोन पाळण्यात शेजारी निजवावा. प्रणालीबाईंनी ते कौतुकाने पाहिले. बाहेर कोणी खासा बाप म्हणोन असतो, हे शिकविणे मात्र राहोन गेले.

ऐसे असता पोळ्याचे आदले दिवशी अक्षयराव मद्रासेहून सरावाचे सामने आटोपोन, नागपुरास उतरोन, मग बसने सौंसर आणि सौंसराहून नत्थूजींचे मोटारसायकलीवर बसोन बोरगावी दाखल जाहले. रजा थोडकी, पोळ्याचे दुसरे दिवशीचा लेकरांचा तान्हा पोळा होताच पुढले प्रातःकाळी पुन्हा कूच. आणि या घरची चाल ऐसी की लेकराचा पहिला तान्हा पोळा आला म्हणजे बापाने त्यास खांद्यावर घ्यावे, लाकडी नंदीची दोरी लेकराचे मुठीत द्यावी, आणि मारुतीचे पारापर्यंत मिरवीत न्यावे. नत्थूजींनी अक्षयरावांस नेले, नत्थूजींस त्यांचे वडिलांनी. येवढ्याकरिता किल्लेदारांनी प्रशिक्षकांच्या विनवण्या करोन रजा मिळविली होती.

परंतु उंबऱ्यात पाऊल पडताच, हात पसरताच, चंचलबाईसाहेबांनी जी किंकाळी मारिली ती सौंसरचे बसस्थानकी ऐकू गेली असावी.

"आवो, दूरच बसा जरा," प्रणालीबाई बोलिल्या, "भेव लागून राह्यलं तिले."

"माह्यं भेव?" किल्लेदार बोलिले, आणि हात तैसेच पसरलेले राहिले.

मग रीतसर मोहीम सुरू जाहली. पहिला हल्ला नजराण्याचा. मद्रासेहून आणिलेली बाहुली पुढे केली, तिचे पोट दाबिता ती द्राविडी भाषेत गाऊ लागली, आणि बाईसाहेब भिऊन देवकाबाईंचे पदराखाली तळ देऊन बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत.

दुसरा हल्ला पोळ्याचे सकाळी, गनिमी काव्याचा. प्रणालीबाईंची सल्ला ऐसी पडली की ज्या रूपात लेकरू बापास ओळखते त्या रूपात बापाने यावे. सबब किल्लेदार गोठ्यात दडोन व्हिडिओ कॉल लाविते जाहले. बाईसाहेब ओसरीवर मोबाइल पाहोन आनंदल्या, "बाबा, बाबा" म्हणाल्या, काचेस मुका दिला. किल्लेदारांस गहिवर आला. इतक्यात हळदीने माखलेला, शिंगे रंगविलेला गोऱ्हा, आपले गोठ्यात हे कोण बोलते म्हणोन पाहावयास वळला, आणि त्याचे थोबाड पडदाभर उमटले. बाईसाहेबांनी त्यासही "बाबा" म्हटले, आणि तितक्याच प्रेमे मुका दिला. तेणेकरून किल्लेदारांची इभ्रत बहुत खालावली. तरी नेट धरोन, मोबाइलात बोलत बोलत, ते गोठ्यातून ओसरीवर आले. मोबाइलातले बाबा आणि दारातले बाबा एके समयी दिसले. बाईसाहेबांनी एकवार इकडे, एकवार तिकडे पाहिले, मोबाइल उराशी घट्ट धरिला आणि दारातल्या बाबांस पाहोन पुन्हा किंकाळी मारिली.

तेव्हा देवकाबाईंनी निकाल दिला. "दाढीच हाय कारन. एवढी झुडूपवानी दाढी पाहून मलेच भेव लागते, थे तं लेकरू हाय. जाय, काढून ये."

किल्लेदारांनी दाढी बहुत हौसेने राखिली होती, लीगचे फोटोतही तीच होती. परंतु मातोश्रींची आज्ञा. सौंसरास जाऊन सफाचट करोन आले. आणि येथे मोहिमेतील थोर हार जाहली. कारण मोबाइलातले बाबा दाढीचे होते. आता गुळगुळीत मुद्रा पाहोन बाईसाहेबांस हा कोणी तिसराच इसम वाटला, आणि संध्याकाळी कॉल लाविला तर मोबाइलही त्यांनी भुईवर टाकिला. घरात जे एक बाबा होते तेही गेले.

ते समयी अक्षयराव अंगणातील विहिरीचे कठड्यावर जाऊन बसले. प्रणालीबाई चहा घेऊन आल्या. किल्लेदार बशीत पाहात बोलिले, "मले ओळखतच नाई वं ते."

चहा निवत होता तो प्रणालीबाईंनी पुन्हा ऊन करोन आणिला.

दुसरे दिवशी तान्हा पोळा. त्याच दिवशी जाम नदीचे पात्रात गोटमार भरते, पांढुर्णेकर आणि सावरगावकर दोन्ही थड्यांवरोन एकमेकांवरी धोंडे फेकितात, आणि प्रणालीबाईंचे बंधू विनोदराव दरसाल तेथे डोके फोडून घेतात. यंदा भगिनीने शपथ घातली म्हणोन ते शाबूत डोक्याने बोरगावी पातले. बाईसाहेब मामास पाहताच झेपावल्या, कारण मामा आठवड्याचे आठवड्यास येणारा.

"भाऊजी," विनोदराव भाचीस कडेवर घेऊन बोलिले, "टेन्शन नोका घेऊ. तुमच्याच्यानं नसंल होत तं मी नेतो न इले मारुतीपर्यंत. नाई तं हेल्मेट घालून पाहा एकडाव!"

सारे हसले. किल्लेदारही हसले, परंतु हसू ओठांवरोन खाली उतरले नाही. नत्थूजी मात्र हसले नाहीत. नंदीस झूल बांधीत बसले होते ते बांधीतच राहिले.

तिसरे प्रहरी मिरवणुकीची तयारी जाहली. चंचलबाईसाहेबांस परकर-पोलके लेववोन, काजळाची तीट लावोन, अंगणात बाजेवर उभे केले. विनोदराव पाठीस धरोन होते. पुढ्यात लाकडी नंदी, पितळी वाटी, आणि खेळावयास एक हिरवे संत्रे. अक्षयराव काही पावलांवर अंगणात उकिडवे बसले होते. बसावयास पाट होता, पण मन उदास जाहले म्हणजे देहास जी सवय तीच बैठक आपोआप पडते.

मग बाईसाहेबांचे मनात काय आले ठाऊक नाही. त्यांनी पितळी वाटी उचलिली आणि भिरकाविली. वाटी डावे बाजूस बहुत दूर जात होती. देवकाबाई "अवं अवं" म्हणेतो किल्लेदारांचा डावा हात, मालकास न विचारता, गेला, आणि वाटी निःशब्द हातात आली.

बाईसाहेब चकित जाहल्या. आजवर या घरी टाकिलेली चीज भुईवर आदळे, मोठा नाद होई, आणि कोणीतरी रागे भरे. आज वाटी गेली ती नादच नाही.

त्यांनी नंदी टाकिला. महादेवाचे वाहन हवेत कोलांट खाऊन किल्लेदारांचे ओंजळीत सुखरूप उतरले. मग संत्रे. संत्रे उंच गेले. किल्लेदारांनी बैठक न मोडिता, हात मागे घेत, जणू ते अजून झाडालाच आहे ऐसे, झेलिले. आणि सवयीने, हळू आवाजात, पंचाकडे पाहावे तैसे कन्येकडे पाहोन बोलिले, "हाऊज दॅट?"

आता, देवकाबाईंनी लेकरास मोबाइलाखेरीज एक विद्या शिकविली होती. "बाप्पा कोठं हाय?" ऐसे पुसले की बोट वर करावे. प्रश्नाचा सूर तोच वाटला म्हणोन, की कसे न कळे, चंचलबाईसाहेबांनी बोट वर केले.

"आउट!" विनोदराव ओरडले. "आउट देल्ला रे!"

बाईसाहेब खिदळल्या. मग तो खेळ ऐसा रंगला की वाटी, नंदी, संत्रे, विनोदरावांची टोपी, देवकाबाईंचा चष्मा ही सारी एकामागोन एक गेली आणि एकही भुईस लागली नाही. दर खेपेस अपील, दर खेपेस बोट वर. नत्थूजी हातचे काम सोडोन उभे राहिले. शेवटी बाजेवर फेकण्याजोगे काही उरले नाही. बाईसाहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, रिकामे हात पाहिले, आणि उकिडवे बसलेल्या, सफाचट दाढीच्या, दोन्ही तळहात उघडे ठेविलेल्या त्या इसमाकडे पाहिले. आणि मग स्वतःसच फेकिले.

विनोदरावांचे हातून निसटल्या. प्रणालीबाई पुढे धावल्या. परंतु नत्थूजी जागचे हलले नाहीत, ते फक्त पुटपुटले, "हात मांगं घे."

किल्लेदारांनी हात मागे घेतले. ऐसे घेतले की लेकरास वाटावे आपण अजून मायचेच कडेवर आहो. बाईसाहेब छातीशी टेकल्या, आणि किंकाळी उठली नाही. त्यांनी गुळगुळीत गालावर हात फिरवोन पाहिला, नाक ओढोन पाहिले, आणि मग बोट वर केले.

अपील करावयाचे किल्लेदारांस भान राहिले नव्हते.

"काहून रडून राहिले भाऊजी?" विनोदराव पुसते जाहले. "कॅच तं झाली!"

मग तान्हा पोळा निघाला. चंचलबाईसाहेब बापाचे खांद्यावर, बापाचे केस एके मुठीत आणि नंदीची दोरी दुसरे मुठीत. पुढे नत्थूजी वाट मोकळी करीत, मागे देवकाबाई चष्मा पुसत, आणि विनोदराव गावास सांगत की झेपेचा जोर सावरगावचा होता. प्रणालीबाई सर्वांमागे चालिल्या. त्यांचे हाती मोबाइल होता, परंतु फोटो काढावयाचे त्यांस सुचले नाही.

दुसरे प्रातःकाळी सौंसरचे बसस्थानकी किल्लेदार नागपूरचे गाडीत बसले. गाडी हलली तेव्हा प्रणालीबाईंचे कडेवरोन बाईसाहेबांनी हातातील हिरवे संत्रे खिडकीकडे भिरकाविले. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि संत्रे नाहीसे जाहले. प्रणालीबाईंनी सवयीने मोबाइल पुढे केला, बाईसाहेबांनी तो दूर सारिला, आणि सडकेकडे बोट करोन बोलिल्या, "बाबा."

येणेप्रमाणे बोरगावची मोहीम फत्ते जाहली. गनीम बिनशर्त कडेवर आला. आपले बाजूची हानी म्हणावी तर एक दाढी. संत्रे किटचे थैलीत, दोन हातमोज्यांचे मधोमध, न दबता पुढील सामन्याचे मुक्कामी पोचले.